टर्बाइनसमोरचं गाऱ्हाणं

टर्बाइन बंद पडलं की आमच्या कारखान्यात आधी अंधार होतो, मग आरडाओरडा होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "उतेकरांना बोलवा." उतेकर म्हणजे भिकाजी धोंडू उतेकर, इन्स्ट्रुमेंट विभागातले सगळ्यात जुने टेक्निशियन. मी चारुशीला, स्टोअर सांभाळते. कारखाना महाडच्या एमआयडीसीत, औषधांना लागणारा कच्चा माल तयार करणारा. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

मी फटकळ आहे असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं असं की स्टोअरच्या खिडकीत बसून सगळ्यांशी गोड बोलत राहिलं तर चार महिन्यांत कपाटं रिकामी होतील. भिकाजीभाऊंशी मात्र माझं पहिल्यापासून जमलं. जुना भाग टेबलावर ठेवल्याशिवाय ते कधी नवा मागायचे नाहीत, आणि घाई असली तरी खिडकीवर टकटक करायचे नाहीत. दरवर्षी दिवाळी झाली की ते येणार आणि म्हणणार, "ताई, मधला गेला." मी म्हणणार, "भाऊ, तुमच्या मधल्याला फराळ बाधतो वाटतं." ते हसणार, मी कपाटातून नवा सेन्सर काढून देणार. इतकी वर्षं हे चाललं होतं की दिवाळीच्या आधीच मी तो पुढच्या फळीवर आणून ठेवायची.

हा मधला म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या टर्बाइनचं चक्र वाफेवर फिरतं आणि कारखान्याला वीज देतं. त्याच्या दांड्यावर एक दातेरी चाक बसवलेलं आहे. चाकासमोर बोटाएवढे तीन सेन्सर ओळीनं बसतात. समोरून एकेक दात गेला की सेन्सरमधून विजेचा एकेक ठोका निघतो. ते ठोके वायरीतून कंट्रोल रूमच्या पॅनेलमध्ये जातात. तिथं तिघांची तीन मॉड्यूल आहेत, ती ठोके मोजून वेग किती ते सांगतात. वेग हाताबाहेर गेला तर चक्र फुटून माणसं मरतील, म्हणून एकट्यादुकट्यावर विश्वास नाही. तिघांपैकी दोघं बिघडले किंवा दोघांनी धोका सांगितला की मशीन स्वतःच वाफ बंद करतं. एकटा बिघडला तर नुसता दिवा लागतो. भिकाजीभाऊ या तिघांना डोळे म्हणायचे.

सेन्सर बदलणं पाहावं तर त्यांचं. मशीन थांबलं की आधी ते चाक हातानं हळूहळू फिरवून बरोबर एक दात सेन्सरच्या समोर आणायचे. दोन दातांमधली खाच समोर असताना अंतर लावलं तर चाक फिरताच दात येऊन सेन्सरचं डोकं फोडतो. मग सेन्सर आट्यांवर फिरवत आत न्यायचा, दातात आणि त्याच्यात फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती घालून अंतर बघायचं, आणि मागचा नट आवळून पुन्हा बघायचं, कारण आवळताना अंतर हलतं. बाकीचे टेक्निशियन एकदा बघतात. भाऊ नट आवळल्यावर पाती परत घालायचे आणि ती सरकताना डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "उघडे ठेवून पन काय दिसत नाय तिथं."

भिकाजीभाऊंचं मूळ गाव पोलादपूरच्या पलीकडे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेली एक वाडी. त्यांचे सख्खे भाऊ सगळे मुंबईला गेले, हे एकटे महाडला आयटीआय करून एमआयडीसीत लागले. वाडीत काळकाईचं देऊळ आहे, आणि शिमग्याला पालखी निघताना पहिला नारळ फोडायचा मान उतेकरांच्या या घराचा होता. वडील गेले त्या वर्षी तो मान भिकाजीभाऊंकडे आला. आणि नेमकं त्याच शिमग्याला आमचं टर्बाइन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. परदेशी इंजिनियर येऊन बसलेला, सुट्टी कुणाला नव्हती. मुंबईचे भाऊही आले नाहीत. पालखी थांबत नाही, म्हणून भावकीतल्या दुसऱ्या घरानं नारळ फोडला, आणि त्यानंतर मान त्यांच्याकडेच राहिला. भांडून झालं, बैठका झाल्या, उपयोग झाला नाही. दरवर्षी हे पालखीला जायचे आणि मागे उभे राहायचे.

त्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात टर्बाइनची पहिली पूजा झाली. साहेब लोक शहरातले, नारळ घेऊन एकमेकांकडे बघत बसले. भिकाजीभाऊ पुढे झाले. गावच्या देवळात देवाला साकडं घालतात आणि ओळीओळीला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं गाऱ्हाणं त्यांनी टर्बाइनसमोर घातलं आणि पुढच्या बाजूच्या लोखंडी कठड्यावर नारळ फोडला. तेव्हापासून तो मान त्यांचा. मॅनेजर बदलले, मालक बदलले, पण खंडेनवमीचं गाऱ्हाणं आणि नारळ उतेकरांचा. त्या दिवशी ते ठेवणीतला पांढरा शर्ट घालून यायचे. वर्षात एवढ्याच एका दिवशी मी त्यांना ताठ चालताना बघायची.

दोन वर्षांपूर्वी सेजल आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर म्हणून लागली. चवदार तळ्याजवळ खोली घेऊन राहायची, डबा खायला माझ्याकडे स्टोअरमध्ये यायची. डोक्यानं चांगली आणि बोलायला सरळ. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे मधल्याचा दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "दरवर्षी सेन्सरच कसा जाईल? पॅनेलमधलं मॉड्यूल खराब असणार." मुद्दा चुकीचा नव्हता. तिनं नवं मॉड्यूल मागवलं. चालू मशीनवर मॉड्यूल बदलता येतं, पण नीट करावं लागतं. आधी त्या एकट्याला बायपासवर टाकायचं, म्हणजे त्याचं मत मशीन धरत नाही. मग जुनं ओढून काढायचं, नवं बसवायचं, त्याला चाकाचे दात किती ते सांगायचं, खोटे ठोके देऊन तपासायचं, शेजारच्या दोघांशी आकडा जुळला की बायपास काढायचा. तिनं हे सगळं नियमानं केलं. आकडा जुळला, दिवा विझला.

पंधरवड्यानं पहिल्या सेन्सरच्या चाचणीची पाळी आली. चाचणीपुरता तो बिघडल्यासारखाच धरला जातो, आणि नेमका त्याच वेळी मधला डोळाही मिटला. दोन गेले म्हटल्यावर मशीननं वाफ बंद केली. कारखाना काळाठिक्कर पडला आणि रिअॅक्टरमधला अख्खा माल नासला. आमचे प्लँटचे प्रमुख आमोद सर वाईट माणूस नाहीत, पण वरून फोन आला की त्यांना खाली कुणीतरी लागतं. "नवीन मॉड्यूल बसवलं आणि मशीन पडलं," एवढंच ते सगळ्यांना सांगत राहिले. जुनं मॉड्यूल परत लावलं. भिकाजीभाऊंनी नेहमीप्रमाणे सेन्सर बदलला, त्याचा प्लग स्प्रे मारून पुसला, आणि मधला डोळा टक्क उघडला. झालं, खोट मॉड्यूलमध्येच आणि ते निवडणारीत, अशी सगळ्यांची खात्री पटली. सेजलला कायम करायचं होतं ते लांबलं. पुढच्या दसऱ्यानंतर बघू, नाहीतर दुसरीकडे बघा, असं तिला सांगितलं. ती डबा खायला येत राहिली, पण बोलणं कमी झालं.

मग हे साल उजाडलं. दसऱ्याच्या महिन्यात भिकाजीभाऊ निवृत्त होणार होते. भाद्रपदात ते गणपतीला वाडीवर गेले. तिथं देवळात आरतीच्या आधी माईक बंद पडला. मुंबईला टॅक्सी चालवणारा पुतण्या गणू म्हणाला, "काका, कनेक्शन लूज वाटतंय, तुमी चेक करा ना. दर साली हाच लफडा होतो." माईकची वायर जिथं जोडली होती तो प्लग नारळ फोडायच्या दगडाच्या अगदी खाली होता. भाऊंनी तो उघडला. आत मुंग्यांची रांग, आणि पितळेवर हिरवा गंज. बोट लावलं तर चिकट.

"तो हिरवा रंग मी वळखला, ताई," ते मला नंतर म्हणाले. "तसाच दर साली मधल्याच्या प्लगवर बगतो मी. मला वाटायचं पावसाचा."

आता ही चूक आमच्याच मुलखातली माणसं करणार. महाडात पाऊस असा की काहीही गंजलं, बुरशी आली, दार फुगलं, तरी आम्ही एकच कारण सांगतो आणि पुढे जातो. दुसरं काही असू शकतं हे मनात येत नाही. त्यात भाऊ दरवेळी सेन्सरही बदलायचे आणि प्लगही पुसायचे. गुण कशानं आला हे कुणाला कळायला मार्गच नव्हता.

गणपतीहून आल्यावर ते तडक टर्बाइनकडे गेले. तिन्ही सेन्सरच्या वायरी पुढच्या कठड्याखाली एका पेटीत प्लगनं जोडलेल्या आहेत. मधला प्लग बरोबर त्या जागेखाली, जिथं वर्षानुवर्षं नारळ फुटत होता. चालू मशीनवर प्लगला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम, म्हणून त्यांनी नुसतं झाकण उघडलं. दुपारी ते माझ्या खिडकीशी आले. कागदाच्या पुडीत काहीतरी होतं.

"ताई, हे काय हाय?"

"शेंडी," मी म्हटलं. "नारळाची."

"झाकनाच्या रबरात अडकलेली. दर साली बगतो. मला वाटायचं पाइपच्या आट्यांना गुंडाळतात तो ताग." "नारळाचं पानी झाकनातून आत जातं. सुकतं, पन चिकटा राहतो, तो दमट धरून ठेवतो. दिवाळीपर्यंत प्लग खातो. मधला सेन्सर कंदीच खराब नव्हता, ताई. मॉड्यूल पन नव्हतं. प्लग कंदी पकडतो, कंदी सोडतो, म्हनून तेव्हा दिवा विजला."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी मी उठून उभी राहिले. "मग आमोद सरांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

"सांगनार हाय."

"कधी?"

ते पुडीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "माजा तेवडा एकच नारळ हाय गो. कळलं की साहेब पूजाच बंद करतील. आन हा शेवटचाच हाय."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला. मी बोलून गेले की तुमच्या नारळापायी ती पोर वर्षभर मान खाली घालून फिरते आहे. जाताना एवढंच म्हणाले, "खंडेनवमीपतोर थांबा, ताई. पाया पडतो."

मी थांबले, पण चांगल्या मनानं नाही. उद्या त्यांनी नारळ फोडून, टाळ्या घेऊन, गुपचूप पेन्शनीत जायचं ठरवलं तर काय करायचं, हे मी रोज रात्री नवऱ्याला विचारायची. तो म्हणायचा, तू सांगून टाक. पण ते माझं सांगणं नव्हतं. मी सांगितलं असतं तर भिकाजीभाऊ चोर ठरले असते, आणि चोर ते नव्हते. घटस्थापनेच्या सुमारास त्यांनी माझ्याकडून नवा प्लग आणि झाकणाचं नवं रबर नेलं. दुसऱ्याच दिवशी सेजलनं डब्यातली भाजी चिवडत सांगितलं की घरमालकीणबाईंना तिनं खोली सोडण्याबद्दल कळवून ठेवलं आहे. मी माझा डबा तसाच बंद केला.

खंडेनवमीला मशीन थांबवून धुतलं होतं. झेंडूच्या माळा, रांगोळी, पेढ्यांचा पुडा, सगळं दरवर्षीसारखं. पूजा झाली की वाफ सोडायची आणि मशीन सुरू करायचं अशी आमची रीत. आमोद सर कुर्ता घालून पुढे उभे, त्यांच्या मागे शंभरेक माणसं. सेजल दाराशी. भिकाजीभाऊ पांढऱ्या शर्टात, हातात नारळ. आजचा नारळ त्यांचा शेवटचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून फोटो काढायला मोबाइल वर झाले होते.

त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाडच्या वीरेश्वरा म्हाराजा, आये काळकाई, आज तुजी लेकरं हात जोडून उबी हायत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या चक्रावर आमच्या चुली चालतात. त्याला वाफ कमी पडू नको, जास्त होऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"ह्याच्यापाशी काम करनाऱ्याच्या बोटाला इजा नको, घरी वाट बगनाऱ्याला घोर नको."

"व्हय म्हाराजा." आमोद सरांचा आवाज सगळ्यांत मोठा. दरवर्षी असतो.

"बा म्हाराजा, ह्याला तीन डोळे. त्यातला मधला दर साली जातो. तो वाईट मालानं नाय गेला. नव्या मॉड्यूलनं नाय गेला. सेजल मॅडमनं केलं ते बराबर होतं."

"व्हय म्हाराजा."

"तो मी घालवला. ह्याच कठड्यावर नारळ फोडून, त्याचं पानी मी त्याच्या प्लगात घातलं. माज्या मानापायी. अंधार झाला तो माज्या हातनं, आन बोल लागला तो दुसऱ्याच्या लेकीला. त्याची मला माफी कर."

अर्ध्या लोकांनी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि अर्ध्यांची जीभ मध्येच थांबली. आमोद सर मात्र भरात होते, त्यांनी पूर्ण म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय म्हणालो ते कळलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नंतर मी भाऊंना विचारलं की सरळ केबिनमध्ये जाऊन का नाही सांगितलं. ते म्हणाले, "केबिनीत सांगितलं आसतं तर चौकशी बसली आसती, सहा म्हयने. गाऱ्हान्यात सांगितल्यावर व्हय म्हनल्याबिगर चालत नाय." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की हसावं की नाही मला कळेना. सेजल पुढच्याच महिन्यात कायम झाली, ते इथंच सांगून टाकते. पण त्या सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं. भाऊंच्या हातातला नारळ तसाच होता.

"प्लग बदलला हाय," ते साधं बोलावं तसं बोलले, "रबर पन नवीन घातलंय. आता हितं नारळ नको." मग ते गर्दीतून दाराकडे गेले आणि नारळ सेजलपुढे धरला. "मॅडम, तुमी फोडा. भायेर, पायरीवर. पानी मातीत जाऊ दे."

आमच्याकडे बायका नारळ फोडत नाहीत. मागे थोडी कुजबुज झाली. मी मागे वळून बघितलं, ती थांबली. सेजलनं आमोद सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली, दुसरं त्यांना सुचलंही नसेल. तिचा पहिला फटका फसला, दुसऱ्याला नारळ हातातून सुटून घरंगळला, आणि कुणीतरी हसलं. तिसऱ्याला तो फुटला. पाणी पायरीवरून खाली मुरमात गेलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग वाफ सोडली. चक्र हळूहळू वेग घ्यायला लागलं आणि आम्ही काही जण कंट्रोल रूममध्ये गेलो. पॅनेलवर तीन आकडे शेजारी शेजारी चढत होते. मधला कुठं मागे राहतो का हे भाऊ वाकून बघत होते. तो मागे राहिला नाही. शेवटी तिन्ही आकडे एका जागी येऊन थांबले.

सेजल खोबऱ्याच्या तुकड्यांचं ताट घेऊन आत आली आणि पहिला तुकडा तिनं त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"पयला तुकडा मानकऱ्याचा आसतो, मॅडम."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला देते आहे."

भाऊ बराच वेळ तुकडा हातात धरून उभे राहिले. वाडीवरच्या देवळात मानकरी होऊनही तो तुकडा त्यांच्या हातात कधीच पडला नव्हता, हे तिथं मला एकटीलाच माहीत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी तो तिथंच, पॅनेलसमोर उभ्या उभ्या खाल्ला. कंट्रोल रूममध्ये खायला सक्त मनाई आहे. तशी पाटी भिंतीवर आहे, आणि ती त्यांनीच लावलेली आहे.